सेटमामांचा वाकडा दात

सेटमामा दात करायचे, पण ते डॉक्टर नव्हते. डॉक्टरांनी दात काढायचे आणि मामांनी त्यांच्या जागी नवे करून द्यायचे, अशी वाटणी होती. सात-आठ दवाखान्यांतून तोंडांचे साचे त्यांच्याकडे यायचे आणि आठवड्याभराने दात परत जायचे. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो माणूस मामांनी कधी पाहिलेलाच नसायचा. चाळीस वर्षांत त्यांनी कितीजणांना चावायला लावलं याची गणती नव्हती, पण त्यातलं कुणी रस्त्यात समोरून हसत गेलं तरी मामांना पत्ता लागायचा नाही. त्याच माणसाचा प्लास्टरचा साचा हातात दिला की मात्र हा डाव्या बाजूनेच चावतो, याला झोपेत दात खायची सवय आहे, हे सगळं ते घडाघडा सांगायचे.

त्यांच्या धंद्यात कवळीला सेट म्हणतात. वरचा सेट, खालचा सेट, फुल सेट. साच्यात ओतलेलं प्लास्टर घट्ट होतं, म्हणजे सेट होतं. कारखान्यातून दात येतात तेही सहा-सहाच्या पट्टीवर, आणि ती पट्टी म्हणजे पुन्हा सेटच. मग ते दात एकेक करून गुलाबी मेणात लावायचे, याला सेटिंग. शेवटचा दात लागला की मामा मान वर करून "झाला सेट" म्हणायचे, ऐकायला समोर कुणी असो वा नसो. नाव पडलं ते यावरून. आईबापांनी ठेवलेलं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं.

लॅब म्हणजे एका छापखान्याच्या मागची लांबट खोली. खिडक्या दोन. एकीखाली प्लास्टर कालवायचा ओटा, दुसरीखाली स्पिरिटचा दिवा, मेणाच्या कांड्या आणि मामांचं स्टूल. कोपऱ्यात पॉलिशचं चाक, त्याच्या शेजारी पातेलं, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून दात शिजवून घट्ट करायचं. भिंतीवर फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने उघडी तोंडं. नवखा माणूस दारातच थबकायचा. इतकी तोंडं आणि एकही बोलत नाही, यासारखी शांतता दुसरी नाही, असं मामा म्हणायचे. त्यात घरच्यांना टोमणा असायचा, आणि मामी तो बरोबर ओळखायच्या.

मामांचा शौक एकच होता, आणि तो म्हणजे एक वही. तिची सुरुवात डॉक्टरीणबाईंच्या फोनने झाली. या बाईंचं सर्वांत जास्त काम मामांकडे असायचं. एके दिवशी त्या म्हणाल्या, "मामा, परवाचा सेट सेट झाला असेल तर मी पेशंटची वेळ सेट करते." मामांनी फोन ठेवला आणि बराच वेळ हसत बसले. एका वाक्यात तीनदा, आणि तिन्ही वेळा वेगळाच. त्यांनी जुनी वही काढली आणि पहिल्या पानावर तिन्ही लिहून टाकले. मग कानाला सवयच लागली. कानातल्या-गळ्यातल्यांचा सेट, चहाच्या कपांचा सेट, सोफा सेट, हँडसेट. सलूनमध्ये केस सेट, घड्याळात गजर सेट, फ्रीजमध्ये जेली सेट. नव्या नोकरीत माणूस सेट व्हायला वेळ लागतो. व्हॉलीबॉलवाले एक सेट हरून येतात. छापखान्याच्या मालकांच्या मुलीचं लग्न सेट झालं, जावयाचं लाइफ सेट आहे, आणि छापखान्याला कुठलं तरी टेंडर मिळालं त्यात म्हणे सेटिंग होतं. मामा सगळं लिहीत. मामी म्हणायच्या, "या घरात माझं बोलणं सोडून बाकी सगळ्यांचं लिहून ठेवतात."

इंग्रजीच्या जाड्या शब्दकोशात या एका शब्दाला पानंच्या पानं लागतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मामांना आपल्याच घरातलं कुणी परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटलं. पण त्यांचं स्वतःचं एक ठाम मत होतं. बाकीचे अर्थ लोकांनी आपापल्या सोयीने जोडलेत, म्हणायचे. खरा अर्थ आमच्या पातेल्यातला. नरम होतं ते घट्ट झालं, आता हलवायचं नाही.

आणि घट्ट व्हायच्या आधी ते सरळ हवं, हा मामांचा हट्ट. त्यांनी लावलेल्या दातांवर पट्टी ठेवून बघावी, रेघ इकडची तिकडे व्हायची नाही. यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे खरं. त्यांना ते जरा जास्तच माहीत होतं, हेही खरं.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मामांना ताईनेच वाढवलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांना छोट्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, काचा बसवायचे. खिडकीच्या चौकटीत काच ठेवायची, बारीक खिळे मारायचे आणि कडेने पुट्टी भरून अंगठ्याने एका दमात वरपासून खालपर्यंत दाबत आणायची. शहराच्या निम्म्या खिडक्यांवर भाऊजींच्या अंगठ्याचा ठसा असेल. भाऊजी बोलायचे कमी, पण ताईला हाक मारायला त्यांना कधी आळस नव्हता. "अगं, चष्मा कुठाय," "अगं, पाऊस आला का," "अगं, काही नाही." दिवसातून शंभरदा अगं. ताई वैतागायची, पण ओ द्यायची.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींचं विसरणं सुरू झालं. आधी रस्ते विसरले, मग नातवंडं, मग एक दिवस मामांना दारात पाहून म्हणाले, "कोण हवंय आपल्याला?" मामांना लागलं ते, पण त्यांनी दाखवलं नाही. ताईला मात्र ते कधी विसरले नाहीत. रोग घरभर हिंडला, तिच्यापाशी येऊन थांबला.

मग ताईच्या हिरड्या बिघडल्या. काही दात आधीच गेले होते, उरलेले आठही पुढचे दात हलायला लागले. काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काढण्याआधी त्यांनी मामांना फोन केला. "मामा, आहेत तसे एकदा साचे घेऊन ठेवूया का? नंतर दात लावताना तुम्हाला आधार होईल."

"कशाला तिला त्रास," मामा म्हणाले. "हिरड्या आधीच ठणकतायत. आणि माझ्या बहिणीचं तोंड मला ठाऊक नाही होय?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं नाही. हे एक वाक्य पुढे मामांना फार महागात पडलं.

दात काढून ताई घरी आली. गाल आत गेलेले, ओठ आत ओढलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. भाऊजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि अदबीने म्हणाले, "या. बसा ना. आमची ही बाहेर गेलीय, येईलच एवढ्यात."

ताईला वाटलं, गंमत करतायत. संध्याकाळपर्यंत ती गंमत नव्हती हे कळून चुकलं. भाऊजी तिच्या हातून ताट घ्यायचे, आभार मानायचे, पण तिने आंघोळीला पाणी काढलं की आंघोळीच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. परक्या बाईसमोर अंगातला शर्ट कसा काढायचा? आत एकदा पाय घसरला, कपाळाला खोक पडली. दिवसभर गळ्याचं बटण लावलेलं. पाहुण्यांसमोर ते तसंच बसायचे, आणि आता त्यांच्या घरातून पाहुणी हलतच नव्हती.

"मला तुम्ही म्हणतात रे, छोट्या," ताई फोनवर म्हणाली. बिनदातांचे शब्द विरघळल्यासारखे येत होते. "मी नसताना बरे होते बघ, निदान वाट तरी बघायचे. आता माझ्यासमोर बसून माझी वाट बघतात."

ताईची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करायची. पोरगी मायेची होती, पण कपाळावरची खोक ऐकून तिचा धीर सुटला. तिने एक वृद्धाश्रम बघितला, नर्स असलेला, बाग असलेला. पुढच्या महिनाअखेर ती बाबांना घेऊन जाणार होती. "आई, तुझ्याच्याने आता होणार नाही. तिकडे दोन-तीन आठवड्यांत सेट होतील बाबा."

ताईने हे मामांना सांगितलं. नव्या नोकरीतला सेट वहीत होता, पण हा अर्थ निराळा होता. मामांनी तो लिहिला नाही.

"दात बसले की ओळखतील तुला," मामा म्हणाले. "मी आहे ना. असा सेट करतो की बघत राहतील."

हिरड्या भरून आल्या, साचा आला, आणि मामांनी बाकीचं सगळं काम बाजूला सारलं. दातांच्या पट्ट्यांतून सर्वांत चांगली निवडली. तीन दिवस एकेक दात लावत होते. मेणावर दवाखान्यात एकदा ट्रायल घेतात, डॉक्टरीणबाईंनी तोंडात घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "चावा बरोबर आहे. पण जुना एखादा फोटो बघितला असतात तर..." मामा नुसते हसले. सेट शिजला, घासला गेला, चकाकला. आयुष्यातलं सर्वांत सुबक काम झालंय, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं चूक नव्हतं.

ताई ते दात घालून घरी गेली. मामा बरोबर होते. भाऊजी उठून उभे राहिले. इतके दिवस निदान बसून बोलायचे, आता उभे राहिले. "बाई, तुमचे दात फार सुरेख आहेत," ते म्हणाले. मग थोडं ओशाळून, "तुम्हाला आमची ही कुठे दिसली का? बरेच दिवस झाले."

ताई स्वयंपाकघरात गेली. मागून मामा गेले तेव्हा तिने दात काढून वाटीत ठेवले होते आणि वाटी पुसत उभी होती.

"माझे नाहीत हे, छोट्या," ती म्हणाली. "तुझा दोष नाही. छान झालेत. पण माझे नाहीत. माझा एक वाकडा नव्हता का?"

होता. मामांना आत्ता आठवलं की ताईचा एक दात शेजारच्यावर चढलेला होता. आणि त्याच क्षणी हेही कळलं की तो कुठल्या बाजूचा, किती चढलेला, हे आपल्याला सांगता यायचं नाही. हजारो तोंडं ओळखणाऱ्या माणसाला आपल्या ताईचं तोंड आठवेना. आठवत होता तो तिचा हात. हसू आलं की ताईचा हात तोंडावर जायचा, लहानपणापासून मामांनी पाहिलं ते त्या हाताला. घरातले सगळे फोटो काढून बघितले. ताईच्या लग्नातला, मुलीच्या बारशातला, कुठल्या तरी बागेतला. एकात तोंड मिटलेलं, दुसऱ्यात हात, तिसऱ्यात पुन्हा हात. साचा घेऊन ठेवूया म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई. मामांनी कपाळाला हात लावला.

त्यांनी नव्याने मेणात दात लावायला घेतले. महिना संपायला अकरा दिवस होते. ताई लॅबमध्ये येऊन त्यांच्या स्टुलाशेजारी बसली. "डावीकडचा," ती म्हणाली. "जीभ फिरवली की इथे अडायची." मामांनी डावीकडचा दुसरा दात थोडा वळवला. हात तयार होईना. चाळीस वर्षं जे बोट दात सरळ करायला शिकलं, ते वाकडा करताना दर वेळी पुन्हा सरळ करून ठेवायचं. ताईने तोंडात घालून पाहिलं. "जवळपास." पुन्हा वळवला. "आता जास्त झाला." शेवटी मामांनी तिच्या हातात आरसा दिला. "तूच बघून सांग, हसून बघ."

"मी हसताना कशी दिसते ते मला काय ठाऊक," ताई म्हणाली. "आरशात बघून कोण हसतं? आतून कसा लागायचा ते जिभेला माहीत. बाहेरून मी कधी बघितलाय?"

मामांनी आरसा परत घेतला. मग ताईच म्हणाली, "बाहेरून एकाच माणसाने बघितलाय. चव्वेचाळीस वर्षं रोज समोर बसून जेवलाय तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा सगळं सामान घेऊन ताईकडे गेले. स्पिरिटचा दिवा, मेणाची सुरी, आणि ते बिजागरीचं यंत्र, ज्यात वरचा आणि खालचा साचा जबड्यासारखा उघडमीट होतो. सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. भाऊजी खिडकीची काच बोटाने पुसत होते, तिथून कुतूहलाने बघत राहिले. कारागिराला दुसऱ्या कारागिराची हत्यारं दिसली की राहवत नाही. हळूहळू आले आणि खुर्ची ओढून बसले.

"कुणाचे?" त्यांनी विचारलं.

मामांनी ताईकडे पाहिलं. "तुमच्या घरातल्यांचे," ते म्हणाले. "जमलेत का, जरा बघता?"

भाऊजींनी यंत्र स्वतःकडे वळवलं. बराच वेळ बघितलं. मान डावीकडे कलती करून, मग उजवीकडे. "नाही," ते म्हणाले. "असे नाहीत."

मामांनी दिवा पेटवला, सुरी तापवून मेणावरून फिरवली. मेण कोमट झालं. "मग कसे?"

भाऊजींनी अंगठा पुढे केला. रुंद, चपटा, कडेला जुन्या कापाचे व्रण असलेला अंगठा. तो दातावर टेकला आणि त्यांनी तो दात आतून बाहेर असा लोटला की मामांना वाटलं, गेलं, सगळं मोडलं. पण मोडलं नाही. दात शेजारच्यावर किंचित चढला आणि खालच्या टोकाशी तिरका राहिला. दोन दिवस मामांना जे जमत नव्हतं ते एका दाबात झालं. मग भाऊजींनी त्याच्या पलीकडचा सुळा थोडा खाली ओढला. मग बोट मधल्या दातावर आणलं आणि नखाने त्याचा कोपरा खरवडायला लागले.

"इथे तुटलंय," ते म्हणाले.

"कशाने?" मामांनी विचारलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"खिळ्याने." भाऊजी आता दातांशीच बोलत होते. "शाळेचं काम. चाळीस काचा. माझं पहिलंच मोठं काम, आणि हाताखाली माणूस नाही. ही आली बरोबर. शिडीखाली उभी राहून खिळे दातांत धरायची, एकेक वर द्यायची. वाऱ्याने खिडकी आपटली, हिच्या तोंडावर. मी खाली उतरलो. म्हटलं, दाखव. दाखवेना. हात धरून बसली तोंडावर. म्हटलं, अगं दाखव तर. मग हसली." ते थांबले आणि ताईकडे वळले. "तुम्हाला सांगतो बाई, तसं हसलेलं मी दुसऱ्या कुणाला बघितलं नाही."

ताईचा हात तोंडावर गेला. मामा उगाचच दिव्याची वात खालीवर करत राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, ही तिची नुसती लहानपणची सवय. त्या हाताखाली एक अख्खी शाळा होती, आणि चाळीस खिडक्या होत्या.

मामांनी तो सेट तसाच लॅबमध्ये नेला. मेणाला काहीही माफ असतं, पण एकदा पातेल्यात गेला की परत फिरणं नाही. पातेल्याखालचा गॅस लावण्याआधी त्यांनी दोनदा आगपेटी खाली ठेवली. नंतर नव्या कोऱ्या दाताचा कोपरा चाकावर धरायचा होता. दात तोडायची त्यांची ही पहिलीच वेळ. घासताना जराही जास्त जाऊ नये म्हणून श्वास रोखून धरला होता. डॉक्टरीणबाईंनी ते दात हातात घेतले आणि भुवया वर गेल्या. "मामा, हे तुमच्या हातचं?"

"नाही," मामा म्हणाले. "मी फक्त शिजवलं."

मुलगी येणार त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, ताई दात घालून घरी आली. भाऊजी खुर्चीत होते. गळ्याचं बटण लावलेलं. "या, बसा," ते म्हणाले.

ताई जरा हसली. पण ते कसलं हसणं, हसायचं ठरवून ओढलेले ओठ. भाऊजींनी पाहुण्यांकडे बघून हसावं तसं हसून उत्तर दिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मामा दारात चपला न काढताच उभे राहिले होते. त्यांना वाटलं, नाही जमलं. चाळीस वर्षांत कुणाचं हसू आपण बघितलं नाही, आणि एकदाच बघायचं होतं तर ते आपल्या हातून होत नाही.

ताई पाणी आणायला आत गेली. ट्रेमध्ये तीन पेले घेऊन परत आली तेव्हा भाऊजी मामांकडे बघत होते. "यांना ओळखता का, बाई?" ते ताईला म्हणाले. "हे दातांचं काम करतात. परवा माझ्याकडे शिकायला आले होते." मग आवाज जरा खाली आणून, मामांना लागू नये म्हणून, "हात बरा आहे. पण सगळंच सरळ लावतात."

ताईला हसू फुटलं. आतून, पोटातून, आवरेना असं. आणि हात तोंडावर न्यायचा तर दोन्ही हातांत ट्रे. पेल्यांतलं पाणी हिंदकळत होतं, ती हसत होती, तो चढलेला दात आणि तो तुटका कोपरा खिडकीच्या उजेडात अगदी उघडे. मामांनी आपल्या ताईला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

भाऊजी बघत राहिले. खुर्चीच्या दांड्यावरचा त्यांचा हात उठला.

"अगं," ते म्हणाले. "कुठे होतीस इतके दिवस? मी सगळ्यांना विचारतोय."

"इथेच होते," ताई म्हणाली. ट्रे कुठे ठेवायचा ते तिला सुचत नव्हतं.

"इथेच होते म्हणे. बरं, यांच्यासाठी चहा टाक. लांबून आलेत बिचारे."

भाऊजींनी मामांना ओळखलं नाही ते नाहीच. मामांना त्याचं काही वाटलं नाही. ते चपला काढून आत आले आणि परक्या माणसासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. स्वयंपाकघरात भांडं वाजलं, मग ताईचा आवाज आला. मुलीला फोन लावला होता तिने. "ये ना, जरूर ये, चार दिवस राहा. पण बाबांना कुठे न्यायचं नाही. नाही गं, कायमचं काय ते मला नको सांगूस, उद्याचं उद्या बघू. आज आमचं सेट आहे इथे."

ताईच्या तोंडून हा शब्द मामांनी कधी ऐकला नव्हता. सवयीने त्यांनी खिशातली वही काढली, पेन्सिल काढली. लिहिलं, आणि पुढे अर्थ म्हणून काय लिहावं हे सुचेना, कारण उद्या बघू म्हणणारं काही सेट असतं हे त्यांच्या पातेल्याला मान्य नव्हतं. जागा तशीच कोरी सोडली.

"काय लिहिताय?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही, भाऊजी."

"लिहा, लिहा," भाऊजी म्हणाले. "आमची ही आली." आणि खुर्चीत मागे रेलून त्यांनी गळ्याचं बटण सोडलं.